मुक्त सॉफ्टवेअर आणि पाठचिकित्सा : ‘टेख्’ प्रणालीचा परिचय

१. पोथ्यांचा संग्रह करणारास व त्यांचें संपादन करणारास संगणकाचा संबंध आतां टाळतां येत नाहीं. पाठ उतरून घेणें, प्रती ताडून पाहणें, पाठभेदांच्या टीपा देणें व अखेर ग्रंथ छापावयास सिद्ध करणें, हीं सर्व कामें त्याच यंत्रावर होतात. तथापि ज्या सॉफ्टवेअरच्या साह्यानें हीं कामें होतात, त्याचें मूळ पाहण्याचा अधिकार कोणास आहे, व आज लिहिलेला मजकूर तें पन्नास वर्षांनीं उघडून दाखवील कीं नाहीं, याचा विचार संशोधकमंडळींत फारसा होत नाहीं. विद्यापीठांतील पंडितांनीं या प्रश्नाचें एक उत्तर स्वतःच्या गरजेपोटीं सिद्ध केलें आहे. त्याचें संस्कृत ग्रंथसंपादनाशीं थेट जोडलेलें एक उदाहरण येथें सांगण्याचें योजिलें आहे.

२. प्रथम संज्ञेचा अर्थ पाहूं. प्रत्येक सॉफ्टवेअर दोन रूपांत असतें. एक मनुष्यानें लिहिलेलें व मनुष्यास वाचतां येणारें मूळ लेखन. त्यास सोर्स कोड म्हणतात. दुसरें त्यापासून सिद्ध केलेलें, केवळ यंत्रास कळणारें रूप. व्यापारी बहुधा दुसरें रूपच विकतो. पहिलें कुलुपांत ठेवतो. एखाद्या वतनदारानें सनद दाखवावयाची नाहीं, मात्र तींतील मजकूर आपण सांगतों तोच खरा माना म्हणावें, तशांतलाच हा प्रकार होय. इतिहाससंशोधक असा पुरावा मान्य करीत नाहीं. याविरुद्ध अमेरिकेंतील एम.आय.टी. येथील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचा उपक्रम जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणें, त्याचें मूळ अभ्यासणें, तें बदलणें व त्याच्या प्रती इतरांस देणें, हे चार अधिकार प्रत्येक वापरणारास असावे, हें त्याचें तत्त्व होतें. १९८९ सालीं हें तत्त्व एका परवान्याच्या रूपानें कायद्याच्या भाषेंत बांधलें गेलें. ‘ओपन सोर्स’ हें नांव पुढें १९९८ सालीं रूढ झालें. येथें मुक्त म्हणजे फुकट असा अर्थ नव्हे. मुख्य गोष्ट मूळ प्रत पाहण्याची व ती उतरून घेण्याची मोकळीक ही आहे.

३. परवाना निघण्यापूर्वींच या आचाराचें एक ठळक उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठांत घडलें होतें. तेथील प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची होती. पहिली आवृत्ति शिशाच्या खिळ्यांनीं जुळविलेली होती. १९७७ सालीं नव्या पद्धतीनें जुळविलेलीं मुद्रितें हातीं आलीं, तेव्हां त्यांतील गणिती मजकुराची कळा त्यांस मुळींच पसंत पडली नाहीं. म्हणून अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली रचण्यास त्यांनीं आरंभ केला. एका वर्षाच्या रजेंत उरकेल असें वाटलेलें हें काम दहा वर्षांहून अधिक चाललें. प्रणालीचें नांव ‘टेख्’. तें कला व कौशल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दाच्या आद्याक्षरांवरून घेतलें आहे. हा ग्रीक शब्द व आपला ‘तक्षन्’ एकाच धातुकुलांतील मानले जातात, हें संस्कृतज्ञ वाचकांस रुचेल.

४. क्नूथ यांनीं प्रणालीचें संपूर्ण मूळ लेखन १९८६ सालीं पुस्तकरूपानें छापून प्रसिद्ध केलें. त्यांत सूत्र आणि भाष्य शेजारीं शेजारीं आहेत. यंत्रास द्यावयाची आज्ञा व ती तशी कां दिली याचें विवरण एकाच ग्रंथांत गुंफिलें आहे. चूक दाखवून देणारास ते स्वतःच्या सहीचा चेक देत. ही रक्कम वाढत वाढत ३२७.६८ डॉलरांवर स्थिरावली. सांपडलेल्या चुकांची सविस्तर यादीहि त्यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केली. इतकें प्रांजळ शुद्धिपत्र आमच्याकडील किती संपादित ग्रंथांस जोडलेलें असतें, हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा.

यांत एक अट मात्र आहे. मूळ लेखन कोणीहि घ्यावें व बदलावें. परंतु बदललेल्या प्रणालीस ‘टेख्’ म्हणूं नये. पोथ्यांच्या अभ्यासकास या अटीचें मर्म सांगावयास नको. प्रक्षिप्त श्लोक मूळ कर्त्याच्या नांवावर खपल्यामुळेंच पाठचिकित्सेचें शास्त्र जन्मास आलें. येथें प्रक्षेपास बंदी नाहीं, पण प्रक्षेपकानें स्वतःचें नांव लावलें पाहिजे. आवृत्तिक्रमांकाचीहि योजना चमत्कारिक आहे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तो क्रमांक वर्तुळाचा परिघ व व्यास यांच्या गुणोत्तराच्या एका अंकानें जवळ जातो. २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या निधनानंतर दुरुस्ती थांबवावी व उरलेल्या चुका या प्रणालीचीं अंगेंच समजाव्या, असें क्नूथ यांनीं लिहून ठेविलें आहे. आपल्या परंपरेंत यासच आर्ष प्रयोग म्हणतात.

५. मूळ खुलें असल्याचें फळ आमच्या लिपीस लवकरच मिळालें. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स वेल्टहुइस यांनीं १९९१ सालीं ‘टेख्’करितां देवनागरी टंक व त्यास जोडून एक पूर्वसंस्कार करणारी प्रणाली तयार केली. त्या वेळच्या यंत्रांवर केवळ साधीं रोमन अक्षरें होतीं. म्हणून त्यांनीं संकेत बसविला कीं दीर्घ आ लिहिण्यास रोमन ए दोनदां द्यावा, मूर्धन्य वर्णापूर्वीं टिंब द्यावें, तालव्य श पूर्वीं अवतरणचिन्ह द्यावें. हा संकेत ‘वेल्टहुइस पद्धति’ या नांवानें आजहि प्राच्यविद्येच्या अभ्यासकांत परिचित आहे. या कामीं कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं, हें लक्षांत घ्यावें. व्यापारी प्रणाली असती तर देवनागरीचा बाजार केवढा, हा प्रश्न आधीं विचारला गेला असता.

६. पुढील पायरी पाठचिकित्सेची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें. सुखटणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें व सर्व ग्रंथ १९६६ सालीं सिद्धीस गेला. पद्यग्रंथांत पाठभेद श्लोकांकावर टांगतां येतात. परंतु बखर, कैफियत किंवा गद्य टीका यांस श्लोकांक नसतात. तेथें पृष्ठ व ओळ यांचाच आधार. मजकुरांत दोन शब्द वाढले कीं ओळी सरकतात व खालच्या सर्व टीपांचे आंकडे चुकतात. जॉन लॅव्हॅग्निनो व संस्कृतज्ञ डॉमिनिक वुजास्टिक यांनीं ‘टेख्’वर आधारून ‘एडमॅक’ नांवाची जोडणी रचली, ती नेमक्या याच अडचणीकरितां. संपादकानें पाठ व पाठभेद मजकुरांत जागच्या जागीं लिहावे. प्रणाली पहिल्या फेरींत ओळी मोजून एका टिपणांत नोंदविते, पुढील फेरींत ते आंकडे टीपांस लाविते. पानाखालीं टीपांचे पांच स्वतंत्र थर देतां येतात. एकांत पाठभेद, दुसऱ्यांत समांतर स्थळें, तिसऱ्यांत स्पष्टीकरण, असें. पहिल्या कर्त्यांनंतर हें काम पीटर विल्सन यांनीं व त्यांच्यामागून मायल रुकेत यांनीं हातीं घेतलें, व तें ‘रेलेडमॅक’ या नांवानें चालू राहिलें. मूळ कुलुपांत असतें तर पहिल्या कर्त्यांबरोबरच परंपरा खुंटली असती.

७. आपल्या प्रांतांतहि हा विचार रुजला आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत केंद्र सरकारच्या साह्यानें ‘फॉसी’ हा उपक्रम चालतो; महाविद्यालयांनीं महागड्या प्रणालींऐवजीं मुक्त प्रणाली शिकवाव्या, हा त्याचा हेतु. विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेलीं उदाहरणें ‘सायलॅब’ या मुक्त प्रणालींत लिहून काढतात, व तीं सर्वांस खुलीं ठेविलीं जातात. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत ‘टेख्’च्या ‘लाटेख्’ या सुलभ रूपाचे पाठ आहेत, व त्या उपक्रमाचे पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात. देशांतील विद्यापीठांचे प्रबंध जेथें ठेविले जातात, तो ‘शोधगंगा’ नामक संग्रह ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर उभा आहे.

८. आतां मुद्द्याचें बोलूं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर जुळविण्यास निरनिराळे टंक वापरले गेले. प्रत्येक टंकाचा संकेत निराळा व बहुतेकांचा गुप्त. तो टंक यंत्रावर नसला कीं मजकुराच्या जागीं अर्थहीन चिन्हें दिसतात. दोनशें वर्षांची पोथी वाचतां येते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीं संगणकावर उतरलेली तिची नक्कल वाचतां येत नाहीं, अशी ही स्थिति. वाळवी व ओल यांपासून पोथ्या राखणारांनीं या तिसऱ्या शत्रूकडेहि लक्ष द्यावें. उपाय अवघड नाहीं. पोथीची नक्कल युनिकोडमध्यें साध्या मजकूर-फाइलींत ठेवावी. प्रत कोठली, कोणीं व केव्हां उतरली, हें पुष्पिकेप्रमाणें त्याच फाइलींत लिहावें. आणि एक प्रत दुसऱ्या संस्थेकडे द्यावी.

मुक्त प्रणालींचा दोष सांगितला पाहिजे. ‘टेख्’ शिकण्यास महिने लागतात, व अडलेल्यास मदत देण्यास कोणी बांधलेला नसतो. शिवाय मूळ खुलें असलें तरी तें वाचणारा न राहिल्यास त्याचा उपयोग नाहीं. वेदाच्या कित्येक शाखा कोणीं लपविल्या म्हणून नव्हे, तर अध्येते उरले नाहींत म्हणून लुप्त झाल्या. यास्तव प्रत्येक संशोधनसंस्थेनें निदान दोन तरुण अभ्यासकांस हें शास्त्र शिकवून तयार करावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.