तेरा नाटकांचा धनी कोण?

'मालविकाग्निमित्रा'च्या प्रारंभी एक पात्र सूत्रधाराला हटकते. भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा नामांकित नाटककारांना बाजूला सारून कालिदास नावाच्या आजच्या कवीचे नाटक कशासाठी करायचे, असा त्याचा सवाल असतो. पुढे कालिदास संस्कृत साहित्याचा मुकुटमणी ठरला आणि सौमिल्ल, कविपुत्र विस्मरणात गेले. भासाचे मात्र नाव टिकले. बाणभट्टाने त्याला गौरवले, वाक्पतिराजाने त्याला अग्नीचा मित्र म्हटले, जयदेवाने 'प्रसन्नराघवा'त त्याला कवितादेवीचे हास्य म्हटले. एवढी कीर्ती गाजत असताना त्याची नाटके विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत छापखान्यात पोचली नव्हती. विद्वानांच्या हाती होते ते फक्त नाव आणि इतर ग्रंथांत विखुरलेले उल्लेख.

ही पोकळी त्रिवेंद्रममध्ये भरून निघाली. त्रावणकोर संस्थानाच्या हस्तलिखित विभागाचे प्रमुख त. गणपतिशास्त्री १९०९-१०च्या सुमारास जुन्या पोथ्यांच्या शोधात हिंडत होते. पद्मनाभपुरमजवळच्या मणलिक्करा मठात त्यांना मल्याळम लिपीतली एक ताडपत्री पोथी मिळाली. तीत दहा नाटके पूर्ण होती आणि अकरावे अर्धवट. पुढे कडुत्तुरुत्तीजवळच्या एका ज्योतिषाकडे आणखी दोन सापडली. अशी तेरा नाटके झाली: 'स्वप्नवासवदत्त', 'प्रतिज्ञायौगंधरायण', 'अविमारक', 'चारुदत्त', 'प्रतिमा', 'अभिषेक', 'बालचरित', 'पंचरात्र', 'मध्यमव्यायोग', 'दूतवाक्य', 'दूतघटोत्कच', 'कर्णभार' आणि 'ऊरुभंग'. १९१२पासून ती त्रिवेंद्रम संस्कृत मालेत छापून येऊ लागली, आणि मुखपृष्ठावर नाटककाराचे नाव होते भास.

पोथ्यांमध्ये हे नाव कुठेच नव्हते. एकाही नाटकाच्या प्रस्तावनेत किंवा समाप्तीच्या ओळीत कर्त्याचा उल्लेख नाही. नाव गणपतिशास्त्रींनी दिले, आणि ते ज्या युक्तिवादाने दिले तो आजही नीट तपासून पाहावा असा आहे. त्यांचे म्हणणे असे. या तेराही नाटकांची सुरुवात सारखीच आहे: नांदी आटोपल्याची रंगसूचना आधी येते, मग सूत्रधार येऊन मंगलश्लोक म्हणतो, प्रस्तावनेला येथे 'स्थापना' म्हटले आहे, कवीचे नाव दिलेले नाही, वाक्ये, कल्पना, श्लोकांचे चरणदेखील एका नाटकातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा येतात. म्हणून कर्ता एक. या तेरांपैकी एक 'स्वप्नवासवदत्त' आहे. 'स्वप्नवासवदत्त' भासाचे आहे, असे राजशेखर सांगतो. म्हणून उरलेली बाराही भासाची.

साखळी मोठी देखणी आहे. तिचा शेवटचा दुवा महाराष्ट्रातून आलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. राजशेखराचा तो श्लोक आपल्यापर्यंत पोचला जल्हणाच्या 'सूक्तिमुक्तावली'मुळे, आणि हा सुभाषितसंग्रह १२५८ साली देवगिरीच्या यादव राजा कृष्णाच्या पदरी तयार झाला. समीक्षकांनी भासाची नाटके परीक्षेसाठी अग्नीत टाकली, पण 'स्वप्नवासवदत्ता'ला अग्नी जाळू शकला नाही, असा त्याचा आशय. राजशेखर दहाव्या शतकाच्या आसपासचा, स्वतःच्या पूर्वजाला महाराष्ट्राचे भूषण म्हणणारा कवी. भासाने 'स्वप्नवासवदत्त' नावाचे नाटक लिहिले होते हे त्याच्या साक्षीने पक्के होते. त्याचे बारा भाऊ कोणते, हे मात्र तो सांगत नाही.

मधल्या दुव्यांवर हल्ला लवकरच सुरू झाला. एल. डी. बार्नेट यांनी लक्ष वेधले ते पल्लव राजा महेंद्रविक्रमाच्या 'मत्तविलास' प्रहसनाकडे. सातव्या शतकातल्या या नाटकाची सुरुवातही तशीच होते. फरक इतकाच की त्यात कवीचे नाव आहे. पुढे पोथ्या चाळताना लक्षात आले की दक्षिणेकडच्या हस्तलिखितांत इतरांची नाटकेही याच पद्धतीने सुरू होतात. म्हणजे ही खूण एका कवीची न राहता एका प्रदेशाच्या लेखनपद्धतीची ठरली. प्राकृताचेही तेच. भासाचे प्राकृत फार जुने वाटते, असा दावा सुरुवातीला जोरात होता. १९११मध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांनी जर्मन तुर्फान मोहिमांत सापडलेले अश्वघोषाच्या नाटकांचे तुकडे प्रसिद्ध केले होते, आणि त्या जुन्या प्राकृताशी तुलना करण्याचा मोह स्वाभाविक होता. पण तशीच रूपे केरळी पोथ्यांत बऱ्याच उत्तरकालीन नाटकांतही दिसली. लेखनिकांनी जपलेली ही रूपे कवीच्या काळाचा पुरावा म्हणून चालत नाहीत.

बाणभट्टाच्या उल्लेखावरही असाच वाद झाला. 'हर्षचरिता'त तो म्हणतो की सूत्रधाराने आरंभ केलेल्या, अनेक भूमिका असलेल्या, पताकांनी युक्त नाटकांनी भासाने कीर्ती मिळवली, जशी मंदिरांनी मिळावी. गणपतिशास्त्रींना यात सूत्रधाराने सुरू होणाऱ्या या तेरा नाटकांचे वर्णन दिसले. परंतु मंदिरही सूत्रधारच, म्हणजे शिल्पीच, उभारतो. त्यालाही मजले आणि ध्वज असतात. बाणाला श्लेष साधायचा होता, आणि सूत्रधार तर जवळजवळ प्रत्येक संस्कृत नाटकाला असतो.

हा वाद मराठी विद्वानांच्या अंगणातही रंगला. 'विविधज्ञानविस्तारा'त रंगाचार्य रड्डी आणि पां. वा. काणे यांनी भासकर्तृत्वाविरुद्ध लिहिले. पुण्याच्या चिं. रा. देवधरांनी १९२७मध्ये या नाटकांच्या अस्सलपणावर पुस्तक लिहिले आणि पुढे १९३७मध्ये 'भासनाटकचक्रम्' ही तेराही नाटकांची आवृत्ती काढली. अ. द. पुसाळकरांनी १९४०मध्ये भासावर मोठा प्रबंध लिहून कर्तृत्वाच्या बाजूने सारा पुरावा एकत्र मांडला. या सगळ्यांत ज्यांची पद्धत मला सर्वांत आदर्श वाटते ते विष्णु सीताराम सुखठणकर. बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या या विद्वानाला आपण महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक म्हणून ओळखतो. १९२५ साली भांडारकर संस्थेत ती जबाबदारी स्वीकारण्यापूर्वी त्यांनी काही वर्षे भासावर खर्च केली होती. वृत्ते मोजली, पाणिनीच्या नियमांबाहेरची रूपे टिपली, नाटकानाटकांतली पुनरावृत्त वाक्ये शोधून त्यांची यादी केली.

सुखठणकरांनी 'चारुदत्ता'वर केलेले काम मराठी रसिकाला जवळचे वाटेल. गोविंद बल्लाळ देवलांमुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या रंगभूमीवर घरोब्याचे झाले; पण देवलांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठीत आणले तेव्हा 'चारुदत्त' अजून पोथीतच होते. हे नाटक चार अंकांचे, अपुरे वाटावे असे, आणि 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांशी प्रसंगाला प्रसंग जुळणारे. मोठ्या नाटकाची रंगभूमीसाठी केलेली कापणी, की शूद्रकाने ज्यावर इमारत रचली तो पाया? सुखठणकरांनी तंत्र, प्राकृत, पद्यरचना आणि नाट्यप्रसंग या चार अंगांनी दोन्ही पाठ शेजारी ठेवले आणि 'चारुदत्ता'चा पाठ जुना आहे, असा निष्कर्ष काढला. 'मृच्छकटिका'त भाषा अधिक सफाईदार होते, प्रसंगांतल्या विसंगती दूर होतात, श्लोक घोटीव होतात. सुधारणा या दिशेने होते, उलट दिशेने सहसा होत नाही. तरीही 'चारुदत्त' जुने आहे म्हणून ते भासाचे ठरते, असे म्हणायला ते तयार झाले नाहीत. जुनेपणा आणि कर्तृत्व हे दोन प्रश्न त्यांनी कधी एकत्र गुंतू दिले नाहीत.

सर्वांत कठीण पुरावा आला तो 'स्वप्नवासवदत्ता'च्याच बाबतीत. सिल्व्हाँ लेवी यांनी रामचंद्र आणि गुणचंद्र या हेमचंद्राच्या जैन शिष्यांच्या 'नाट्यदर्पणा'तला एक उतारा पुढे आणला. तिथे भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'तला म्हणून एक श्लोक दिला आहे: शेफालीच्या कुंजात फुले तुडवलेली आहेत, शिलासन अजून उबदार आहे, म्हणजे कोणीतरी इथे बसली होती आणि मला पाहून निघून गेली. छापलेल्या नाटकात हा श्लोक नाही. अभिनवगुप्ताने याच नाटकातून दिलेला दुसरा श्लोकही नाही. विरोधकांना वाटले, खटला निकालात निघाला: हे नाटकच वेगळे.

तसे म्हणता येत नाही. त्रिवेंद्रमच्या चौथ्या अंकात तेच उपवन आहे, तीच शेफालीची फुले, तेच शिलासन. आणि वासवदत्ता खरोखरच राजाला टाळून लतामंडपात शिरते. हरवलेला श्लोक बसायला नेमकी जागा तिथे रिकामी आहे. ज्या नाटकातून तो घेतला त्याचीच ही प्रत असावी, फक्त काही श्लोक गळलेली. नाटक हातोहात खेळले जाताना असेच होते.

आणि ते खेळणारे कोण होते, हे कळल्यावर साऱ्या कोड्याचा चेहरामोहरा बदलतो. केरळातल्या मंदिरांच्या कूत्तंबलमांत चाक्यार आणि नंग्यार कलावंत शतकानुशतके कूडियाट्टम सादर करत आले. तिथे नाटक क्वचितच सलग होते. एक अंक निवडायचा आणि तो रात्रीमागून रात्र रंगवायचा. सुरुवातीच्या रात्रींना तर एकच पात्र येऊन पूर्वकथा अभिनयातून उलगडते. 'अभिषेका'तला वालिवध, 'प्रतिज्ञायौगंधरायणा'तला मंत्रांक हे त्यांचे स्वतंत्र प्रयोग. प्रयोग कसा करायचा याच्या पुस्तिका त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या. अशा परंपरेत नाटकाच्या माथ्यावर कवीचे नाव टिकून राहण्याचे कारणच उरत नाही. मंगलाचरण कलावंत आपल्या रिवाजाप्रमाणे करतात, एका नाटकातले चपखल वाक्य दुसऱ्यात सहज जाते, लांबण वाटलेला श्लोक गळतो. गणपतिशास्त्रींना एका कवीच्या खुणा वाटलेल्या बऱ्याच गोष्टी या रंगशाळेच्या खुणा आहेत. केरळातल्या पिषारटी विद्वानांनी हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच सुचवले होते. ही सारी नाटके चाक्यारांनीच घडवली, इतके पुढे मात्र जाण्याचे कारण नाही. हेर्मान टीकेन यांनी १९९३मध्ये पल्लव दरबाराकडे बोट दाखवले. भरतवाक्यांत येणारा राजसिंह हा उल्लेख त्या बाजूने वापरला जातो, पण 'राजांतला सिंह' हे विशेषण कोणत्याही राजाला लावता येते, म्हणून त्यावर मी फार विसंबणार नाही.

मग 'ऊरुभंगा'चे काय? मांड्या मोडून पडलेला दुर्योधन, त्याच्या मांडीवर बसू पाहणारा लहानगा मुलगा, आणि रंगमंचावरच आलेले मरण. 'प्रतिमा'मध्ये भरत पूर्वजांच्या पुतळ्यांच्या दालनात शिरतो आणि रांगेत वडिलांचा पुतळा पाहून ते गेल्याचे त्याला कळते. 'मध्यमव्यायोगा'त भीम स्वतःच्या मुलाशी, त्याला न ओळखणाऱ्या घटोत्कचाशी झुंजतो. ज्याने हे प्रसंग रचले तो प्रथम दर्जाचा नाटककार होता. कावालम नारायण पणिक्कर, रतन थिय्याम यांनी ही नाटके पुन्हा उभी केली, वामन केंद्रे यांनी 'मध्यमव्यायोगा'वरून 'प्रिया बावरी' मराठीत आणले, ते या ताकदीमुळे. पण उत्कृष्टता हा कर्तृत्वाचा पुरावा होत नाही. फार तर इतके म्हणता येते की महाभारतावरची छोटी नाटके एकमेकांची सख्खी भावंडे आहेत.

उलट, खुणांवर किती विसंबावे याचा धडा १९४१मध्ये मिळाला. गोंडलहून 'यज्ञफल' नावाचे नाटक भासाचे म्हणून प्रसिद्ध झाले. सुरुवात हुबेहूब त्रिवेंद्रमच्या नाटकांसारखी. बहुतेक विद्वानांनी ते भासनाटकचक्रात घेतले नाही, कारण भासाच्या खुणा कोणत्या हे तोवर जगजाहीर झाले होते.

सुखठणकरांनी १९२५मध्ये सुचवलेला तोडगा मला आजही सर्वांत सबळ वाटतो. आपल्या हाती असलेले 'स्वप्नवासवदत्त' हे भासाच्या नाटकाचे केरळी रूप आहे. 'प्रतिज्ञायौगंधरायण' त्याच उदयनकथेचा आधीचा भाग, आणि बहुधा त्याच हातचे. महाभारतावरच्या पाच एकांकिका एका गटातल्या, कदाचित एखाद्या मोठ्या महाभारतनाट्यातून वेगळ्या काढलेल्या. 'चारुदत्त' 'मृच्छकटिका'आधीचे, कर्ता अज्ञात. उरलेल्यांच्या कर्तृत्वाचा निर्णय पुराव्याअभावी करता येत नाही. यानंतरच्या शतकभरात नव्या पोथ्या मिळाल्या, जर्मनीत वुर्त्सबुर्गसारख्या विद्यापीठात त्यांचा बारकाईने अभ्यास झाला, पण या मांडणीला उलथवणारे काही पुढे आलेले नाही.

म्हणून एक विनंती आहे. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत, नाट्यस्पर्धांच्या पत्रिकांवर आणि भाषांतरांच्या मुखपृष्ठांवर 'लेखक: भास' असे तेराही नाटकांना सरसकट छापू नये. 'स्वप्नवासवदत्ता'ला भासाचे नाव द्यावे, ते त्याच्या हक्काचे आहे. बाकीच्यांवर 'भासाच्या नावे प्रसिद्ध' असे लिहावे, आणि त्याखाली एक ओळ केरळच्या चाक्यार-नंग्यार परंपरेसाठी राखावी. 'कर्णभार' करायला घेणाऱ्या तरुण दिग्दर्शकांनी तालमीच्या पहिल्या दिवशी आपल्या नटांना ही हकिकत जरूर सांगावी.