तकाकीचा जमाखर्च

बंगळुरूच्या दक्षिणेस, लालबागेला लागून, १९४८ साली ज्या जयनगर वसाहतीचा पाया घातला गेला, तिच्या रचनाकारांनी रुंद रस्ते आखले, ब्लॉक पाडले, मैदाने राखली आणि रस्त्यांच्या दुतर्फा सावलीची झाडे लावली. परंतु त्या सावलीत पुढे घरागणिक दोन-दोन मोटारी बारमाही उभ्या राहतील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसावे. पादचाऱ्यास जी झाडे वरदान वाटतात, तीच मोटारीच्या रंगाला जाच होऊन बसतात. पर्जन्यवृक्षावर पोसणाऱ्या बारीक किडींचा चिकट पाझर उन्हाळ्यात टपावर साचतो, त्यावर सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या डकतात, आणि रात्री फळे खाऊन परतणारी वटवाघळे जे टाकून जातात, ते दोन दिवस उन्हात वाळले की रंगाच्या वरच्या थरात आपला ठसा कायमचा कोरून ठेवते.

तथापि या सर्वांहून अधिक नुकसान करते ती साधी धूळ. लालबागेतला केंपेगौडांच्या बुरुजाखालचा जो विस्तीर्ण खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालेला आहे, तो सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच जातीच्या खडकाची झीज होऊन या पठारावरची तांबूस माती झाली, आणि त्या झिजेत इतर खनिजांचे रूपांतर होऊन गेले तरी गारगोटीचे कण मात्र शाबूत राहिले. जी गारगोटी काचेवर चरा उमटवते, तिच्यापुढे मोटारीच्या रंगाची काय कथा! आणि अशी धूळ रात्रभर बसलेल्या गाडीवर सकाळी एक इसम बादली-फडके घेऊन येतो. एकाच बादलीतल्या पाण्यात तेच फडके बुडवून गल्लीतल्या पाच-दहा गाड्या ओळीने पुसतो. मालक वरच्या सज्जातून पाहून संतुष्ट होतो. त्या इसमाला बोल लावण्यात अर्थ नाही. महिन्याकाठी ठरलेल्या तुटपुंज्या रकमेत, प्रत्येक गाडीला मिळणाऱ्या पाच मिनिटांत, त्याने याहून निराळे काय करावे? परंतु रंगाची जी हानी होते तिचा मोठा हिस्सा अपघाताने नव्हे, तर या नित्याच्या स्वच्छतेने होतो, ही गोष्ट खरी.

हे चरे सावलीत दिसत नाहीत. गाडी उन्हात आणावी, म्हणजे बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटतात, आणि पाहणारा साहजिकच समजतो की फडके गोल फिरवल्यामुळे चरे गोल पडले. वस्तुतः तसे नसते. चरे सर्व दिशांना वेडेवाकडे पडलेले असतात. मात्र प्रकाशाच्या दिशेशी जे काटकोनात येतात, तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे परतवतात, आणि अशा तुकड्यांची मिळून प्रतिबिंबाभोवती वर्तुळे भासतात. डोके हलवले की वर्तुळेही हलतात, यावरून ही गोष्ट कोणासही पडताळून पाहता येईल.

माझ्या भाच्याने अलीकडे जी जुनी काळी एटिऑस घेतली, तिच्यावर ही जाळी इतकी दाट होती की काळा रंग राखाडी भासावा. गाडी मूळची इथलीच. म्हैसूरच्या रस्त्यावर बिडदी येथे टोयोटा आणि आपले किर्लोस्कर यांच्या भागीदारीतून १९९७ साली जी कंपनी निघाली, तिच्या कारखान्यात तयार झालेली. अशा कोणत्याही आधुनिक गाडीच्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा संस्कार होतो. मग अख्खा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर बिनरंगी, पारदर्शक असा क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा, भरते. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. तकाकी म्हणून जी दिसते ती या थराच्या सपाटीची करामत, आणि खालच्या रंगाला उन्हापासून जपणारी द्रव्येही याच थरात असतात.

आता पॉलिश करणे म्हणजे काय, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. चपलेला पॉलिश लावावे तसे काहीतरी वरून चढवल्याने गाडी चकाकते, असा सार्वत्रिक समज आहे, आणि दुकानदारही तो खोडून काढण्याच्या भरीस पडत नाहीत. प्रत्यक्षात पॉलिशमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी अतिसूक्ष्म घर्षक भुकटी असते, आणि ती चऱ्यांच्या आजूबाजूचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत झिजवून सपाट करते. सौम्य पॉलिशच्या एका हाताला मायक्रॉन-दोन मायक्रॉन जातात, रबिंग कंपाउंडला त्याहून अधिक. क्लिअर कोट हे मुद्दल आहे. कारखान्याने ते एकदाच जमा केलेले असते, आणि त्यानंतरची प्रत्येक तकाकी ही त्या खात्यावर पडलेली खर्चाची नोंद होय.

ही विद्या फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना तैलरंग आणि व्हार्निश घोड्यांच्या बग्ग्यांप्रमाणेच हाताने लावत, आणि ते वाळायला आठवड्यामागून आठवडे जात. १९२४ सालच्या ओकलंड गाडीला ड्यू पाँ कंपनीचा ड्यूको हा लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग दिला गेला, आणि घासून चकाकणाऱ्या रंगाचे युग सुरू झाले. आपल्याकडे, बंगळुरूस १९४० साली विमानांचा कारखाना काढणाऱ्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ज्या प्रीमियर कंपनीची स्थापना केली, तिच्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांना वेगळा पारदर्शक थर नसे. म्हणून त्यांना पॉलिश मारले की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. आमच्या पिढीने ते पाहिले आहे. आजच्या गाडीचे फडके रंगत नाही, आणि म्हणूनच आपण किती झिजवले याचा नवशिक्याला पत्ता लागत नाही.

भाच्याने टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणाऱ्या जे. सी. रोडवर, जिथे मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने एकाला एक लागून आहेत, सामान घेतले. दुकानदार त्याला गोल फिरणारे जड बफिंग मशीन देऊ पाहत होता. अनुभवी कारागिराच्या हाती ते यंत्र झपाट्याने काम उरकते, परंतु एका जागी दोन क्षण अधिक थांबले की उष्णतेने रंग जळतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी जे ड्युअल अॅक्शन यंत्र मिळते, त्याची चकती स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या वर्तुळात डोलतेही, आणि जोर अधिक पडला तर फिरायची थांबते. हा तिचा दोष नसून सुरक्षिततेची तरतूद आहे. भाच्याने तेच घेतले, आणि चकतीच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवली, जेणेकरून ती फिरते आहे की नुसतीच थरथरते आहे हे डोळ्यांना कळावे.

काम रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पोर्चमध्ये सुरू झाले. आधी धुणे: एक बादली साबणाची, दुसरी नुसत्या पाण्याची, आणि प्रत्येक वेळी मऊ हातमोजा दुसऱ्या बादलीत खळबळूनच पहिलीत बुडवायचा, म्हणजे निघालेली गारगोटी पुन्हा पत्र्यावर जात नाही. धुऊन झाल्यावर बॉनेट आरशासारखे स्वच्छ दिसले, तेव्हा मी त्याला प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून वरून बोटे फिरवायला सांगितली.

"मामा, हे तर खरखरीत लागतंय!"

"मग? धुतल्यानं जे गेलं नाही ते आहे हे."

हे कण म्हणजे ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी, डांबर आणि झाडांचा चीक. त्यांना उपटून काढण्यासाठी क्ले बार नावाचा मळलेल्या कणकेइतका मऊ गोळा वापरतात. साबणाच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून तो अलगद सरकवायचा. आधी तो अडखळतो, आवाज करतो, मग एकाएकी निसटू लागतो, आणि तेव्हा तेवढा भाग झाला असे समजावे. पांढऱ्या गोळ्यावर तपकिरी थर चढलेला पाहून भाचा जितका खूश झाला तितका पुढे पॉलिश पाहूनही झाला नाही. गोळा खाली जमिनीवर पडला तर मात्र तो फेकून द्यावा. त्या बाबतीत काटकसर महाग पडते.

त्यानंतर काचेच्या आणि रबराच्या कडांवर टेप लावून, बॉनेटचा दोन फुटी चौकोन परीक्षेसाठी निवडला. हे टाळून थेट सगळी गाडी हाती घेणे हा उतावळेपणा होय, कारण कोणत्या कंपनीचा क्लिअर कोट मऊ आणि कोणाचा कठीण, हे घासल्याखेरीज कळत नाही. नेहमी सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ फोम यांपासून आरंभ करावा. त्याने भागत नसेल तरच एक पायरी वर चढावे. चकतीवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, यंत्र बंद असतानाच ते पत्र्यावर पसरायचे, मग मध्यम वेगावर चकती सपाट धरून, सेकंदाला इंचभर अशा संथ गतीने उभे-आडवे पट्टे ओढायचे, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्या पट्ट्यावर येईल असे पाहायचे. नवशिक्याचा हात इथेच घाई करतो. भाच्याचाही करू लागला. चकतीवरची रेघ थबकली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण रेटा देतो आहोत. बॉनेटच्या उंचवट्यांवर आणि कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून तिथे यंत्र न नेता हातानेच हलके पुसले.

पॉलिश पुसून लगेच निकाल जाहीर करू नये. त्यातल्या तेलांनी चरे तात्पुरते बुजतात, आणि तेल उडाले की परत डोके वर काढतात. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेवढा भाग पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा जाळी बहुतांशी नाहीशी झालेली आणि त्याखाली आजवर लपलेले चार-सहा खोल चरे उघडे पडलेले दिसले. त्यांवर कंपाउंड चढवण्याची भाच्याला अनावर ऊर्मी झाली. मी त्याला नख फिरवून पाहायला सांगितले. ज्या चऱ्यात नख अडकते तो पॉलिशच्या अधिकारकक्षेबाहेरचा. त्याचा तळ गाठेपर्यंत झिजवायचे तर क्लिअर कोट शिल्लकच राहणार नाही. गाडी जुनी, आधी कोणत्या गॅरेजात किती वेळा रबिंग झाले याची नोंद कुठेही नाही, आणि रंगाची जाडी मोजणारे मीटर जवळ नाही. अशा वेळी खर्चाला मंजुरी देऊ नये.

वरून संरक्षण म्हणून काय लावावे, याचा बाजारात मोठा गवगवा आहे. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण सुंदर दिसते, पण इथल्या ऊनपावसात दोन-तीन महिन्यांपलीकडे टिकत नाही. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक टिकते. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीत ‘९ एच’ हा आकडा हमखास असतो, आणि गिऱ्हाइकाला वाटते की गाडीवर आता हिऱ्याखालोखालचा थर बसला. हे माप पेन्सिलींच्या कठीणपणाचे आहे, खनिजांचे नव्हे. गारगोटी त्यालाही दाद देणार नाही.

उरला प्रश्न पाण्याचा. कावेरीचे पाणी या शहराला सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये टंचाई झाली तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड ठेवला. बोअरचे पाणी घ्यावे तर ते जड, आणि उन्हात वाळले की त्यातला चुना काळ्या रंगावर पांढरे ठिपके सोडतो. म्हणून भाच्याने रिन्सलेस वॉशचे द्रावण आणले आहे, जे बादलीभर पाण्यात झाकणभर टाकले की धूळ गुळगुळीत आवरणात उचलली जाते आणि वरून पाणी ओतावे लागत नाही. सकाळच्या त्या इसमाला त्याने चार निराळी मायक्रोफायबरची फडकी दिली, फक्त आठवड्यातून दोनदा आणि ओल्यानेच पुसायचे असे ठरवले, आणि पगार होता तेवढाच ठेवला. इसमाने हा करार तत्काळ मान्य केला. शेजारच्या गाड्यांना तो अजून जुन्याच फडक्याने पुसतो.