क्रूझ कंट्रोल: बटणं बसवली म्हणजे झालं?

‘स्टीअरिंगवर बटणं बसवून घ्या, क्रूझ कंट्रोल झालाच समजा.’ समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून ॲक्सेसरीजच्या दुकानांत आणि गाड्यांच्या व्हिडिओंत हे वाक्य सारखं ऐकू येतं. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर एक्सलेटरवरचा पाय अवघडतो, हे खरंच. बेस मॉडेलला बाहेरून क्रूझ बसवून घ्यावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते बटणालाच क्रूझ समजणं. ही समजूत जिवावर बेतू शकते, म्हणून ती आधी खोडून काढू.

गैरसमज: बटणं बसवली की क्रूझ तयार.

वस्तुस्थिती: बटण फक्त हुकूम देतं, वेग धरून ठेवायचं काम दुसरंच कुणीतरी करतं. आजच्या बहुतेक गाड्यांत एक्सलेटरपासून इंजिनापर्यंत केबल जात नाही. पेडलमधले दोन सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, दोन वेगवेगळे व्होल्टेज पाठवतात. अनेक गाड्यांत एक व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं असतं. दोघांचा मेळ बसला नाही की चेक लाइट लागते आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते. मग पेडल कितीही दाबा, गाडी ओढत नाही.

त्यामुळे अशा गाड्यांत मार्ग दोनच. काही मॉडेल्समध्ये क्रूझचा प्रोग्रॅम ईसीयूत आधीपासून असतो, फक्त बेस व्हेरिअंटमध्ये तो बंद ठेवलेला असतो. अशा गाडीला बटणं, वायरिंग आणि स्कॅनरवरून कोडिंग पुरतं. पण शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला जमलं म्हणून तुमच्याही गाडीला जमेल असं नाही. ईसीयूचा पार्ट नंबर ताडून पाहावा लागतो. स्टीअरिंगमधल्या स्पायरल केबलला जादा वायरी नसतील तर तीही बदलावी लागते. ईसीयूत प्रोग्रॅमच नसेल, तर पेडलचा कपलर आणि ईसीयू यांच्यामध्ये वेगळं मॉड्यूल बसतं आणि क्रूझ चालू असताना पेडलचे सिग्नल तेच पाठवतं.

आता ज्याचा खरा संताप येतो तो मुद्दा. क्रूझ सुरू करणारी वायर सगळेच जोडतात. तो सोडवणारी वायर मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाते. ब्रेक पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली एक स्विच असतो. बहुतेक आधुनिक गाड्यांत त्याचे दोन कॉन्टॅक्ट असतात: पेडल दाबलं की एक जुळतो, दुसरा तुटतो. एकाने दगा दिला तरी दुसऱ्यावरून ईसीयूला चूक कळावी, म्हणून ही सोय. बाहेरच्या मॉड्यूलपर्यंत ब्रेकची खबर आपणच पोचवायची असते. काही मॉड्यूल्स ती ब्रेक लाइटच्या वायरवरून घेतात आणि बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ (अर्थिंग) मिळतो का ते तपासतात. तिथे एलईडी लावलेले असतील तर क्रूझ सुरूच होत नाही. अशा वेळी ती वायर सरळ अर्थला जोडून ‘झालं काम’ म्हणणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. त्यानंतर तुम्ही ब्रेक दाबला तरी मॉड्यूलला त्याचा पत्ताच लागणार नाही.

मॅन्युअल गाडीत क्लचचा स्विचही जोडायलाच हवा. क्लच दाबूनही क्रूझ सुटला नाही, तर चाकांपासून मोकळं झालेलं इंजिन एकदम रेस होतं.

बाकीचे गैरसमज

‘मॅन्युअल गाडीला क्रूझ बसत नाही.’ बसतो. क्लचचा स्विच जोडणं, ही अट तेवढी पाळा.

‘जुन्या, केबलच्या गाडीला शक्यच नाही.’ थ्रॉटल ओढणारी वेगळी मोटर लावून जमतं. क्रूझ मुळात इलेक्ट्रॉनिक नव्हताच: लहानपणीच दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते राल्फ टीटर यांना त्याचं पेटंट १९५० साली मिळालं आणि १९५८च्या क्रायस्लर गाड्यांत तो आला.

‘क्रूझ लावला की गाडी स्वतःच ब्रेक मारते.’ ते रडारचं किंवा कॅमेऱ्याचं काम. बाहेरून बसवलेला साधा क्रूझ फक्त एक्सलेटर सांभाळतो; बोरघाटाच्या उतारावर तो वेग रोखू शकत नाही.

‘पेट्रोल हमखास वाचतं.’ सपाट रस्त्यावर थोडंफार वाचू शकतं. चढावर मात्र वेग टिकवण्यासाठी क्रूझ इंजिनाला जास्त राबवतो.

‘पावसात क्रूझ सुरक्षित.’ अजिबात नाही. साचलेल्या पाण्यावर टायरची पकड सुटते तेव्हा एक्सलेटर सोडायचा असतो. क्रूझ तो धरून ठेवू शकतो.

‘स्टीअरिंगवर बटणं बसवायला एअरबॅग काढणं म्हणजे पाच मिनिटांचं काम.’ आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगला हातही लावू नये.

‘आरटीओ पकडेल.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आक्षेप आरसीवरचा मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफाराला आहे. क्रूझमुळे इंजिन, इंधन, आसनसंख्या यांपैकी काहीच बदलत नाही. विम्यात मात्र ही जादा इलेक्ट्रॉनिक वस्तू वेगळी नोंदवा. त्यासाठी आयएमटी २४ हे कलम आहे. वायरी कापून जोडकाम केलं, तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही आधीच विचारून घ्या.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ब्रेक आणि क्लचच्या वायरी कुठे जोडल्या ते डॅशबोर्डखाली वाकून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून ब्रेकवर नुसता पाय टेकवा. वेग कमी झाल्याचं जाणवण्याआधीच तो सुटला पाहिजे. क्लच आणि कॅन्सलचं बटण यांचीही तशीच परीक्षा घ्या. ‘ब्रेकची वायर लागत नाही’ असं कुणी सांगितलं, तर काम तिथेच थांबवा.