परमुलखातला पगारी खेळाडू

दसरा झाला की आपल्याकडची कितीतरी माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. सहा महिने परमुलखात, सहा महिने गावी. ज्याच्या हातात हुन्नर आहे, तो काम असेल तिथे जातो. पण बरं का, खेळाडूही असा कामाला जातो! अशा एका खेळाडूची ही हकीकत आहे.

त्यांचे नाव सुभाष गुप्ते. जन्म मुंबईचा, सन १९२९ चा. क्रिकेट म्हणजे चेंडूफळीचा खेळ. गुप्ते मनगटाने चेंडूला असा पीळ देत, की टप्पा पडताच तो वळे. कोणत्या बाजूला वळेल, ते फळीवाल्याला उमगत नसे. सन १९५८ मध्ये कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी बाद केले.

पण त्या काळी देशासाठी खेळून घर चालत नसे. मग पोटाचे काय?

इंग्लंडात लँकेशर नावाचा मुलूख आहे. नांदेडला उस्मानशाही मिल होती, तशा कापसाच्या गिरण्या तिथे गावोगाव होत्या. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की सामने होत. संघातले गडी गावचेच, हौशी. फक्त एक गडी पगारी असे. तो बाहेरून आणलेला. त्याने चांगला खेळ केला की लोकांत टोपी फिरे. लोक तीत नाणी टाकत. रिश्टन गावच्या संघात गुप्ते असे पगारी गडी होते. हरलो तर बोल पहिला पगारी गड्याला, हे ठरलेलेच!

पुढे सन १९६१ आले. दिल्लीच्या सामन्याच्या वेळी हॉटेलात त्यांच्या खोलीत आणखी एक खेळाडू राहत होता. त्याने हॉटेलातल्या एका बाईला फोन केला. तिने तक्रार केली. खोली दोघांची, म्हणून गुप्त्यांनाही वगळले. फोन त्यांनी केला नव्हता. तरी भारताकडून ते पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. तेव्हा त्यांचे वय होते अवघे बत्तीस. कसोटी सामन्यांत त्यांनी १४९ गडी बाद केले होते.

मग ते समुद्रापलीकडे त्रिनिदाद बेटावर जाऊन राहिले. त्यांची सासुरवाडी तिथलीच. सन १८४५ पासून हिंदुस्थानातले मजूर त्या बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला गेले होते. गुप्त्यांनीही तिथे संसार केला. सन २००२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.

वेस्ट इंडीजचे थोर खेळाडू सोबर्स यांनी त्यांची मोठी तारीफ केली. परक्यांनी गुण ओळखला, घरच्यांनी मात्र बाजू नीट ऐकली नाही.

मंडळी, आपल्या गावातही तंटे होतात. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसते. म्हणून पंचांनी आधी दोघांना विचारावे, मग निवाडा करावा. हातचा गुणी माणूस एकदा गेला, की तो परत येत नाही.