अकराच महिने का?

पुण्या-मुंबईत फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटलं की करार अकरा महिन्यांचा. बारा का नाही? घरमालकाला विचारा, तो म्हणेल, "पद्धतच आहे तशी." एजंट म्हणेल, "बारा केले की भानगड होते." आणि खरी गंमत अशी, की महाराष्ट्रात या अकराला गेली पंचवीस वर्षं काही कामच उरलेलं नाही!

हा आकडा आला 1908 च्या नोंदणी कायद्यातून. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असं तो सांगतो. मग काय, धोकाच नको म्हणून एक महिना कमी करायचा. नोंदणीचा खर्चही वाचला आणि कचेरीतले हेलपाटेही. पण महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 55 ने ही पळवाट बुजवून टाकली. मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. नोंदवायचा कुणी? मालकाने. नाही नोंदवला तर? अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, घरात राहणारा सांगेल तेच खरं! वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच. तरी लोक अकरा सोडत नाहीत. पळवाट बुजली, पायवाट राहिली.

आता तो करार हातात घेऊन मथळा वाचा: 'लिव्ह अँड लायसन्स'. म्हणजे दर महिन्याला भाडं भरणारा तो माणूस कायद्याने भाडेकरू नाहीच. तो परवानाधारक. 1882 च्या एका कायद्यात याची व्याख्या आहे: दुसऱ्याच्या जागेत काहीतरी करण्याची नुसती मुभा, त्या जागेत कसलाही हक्क नाही. रेल्वेच्या तिकिटासारखंच की हे! सीटवर रात्रभर झोपा, पण पुणं आलं की उतरा.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण मुंबई राज्याच्या 1947 च्या कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली होती. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत त्याची गरजही होती. पण भाडं हलेना, भाडेकरूही हलेना, आणि त्याच्यामागे घरच्यांचाही हक्क लागे. मालकांनी सरळ कुलपं लावली. ज्यांना भाडंही हवं होतं आणि घरही परत हवं होतं, त्यांनी 1882 चं तिकीट बाहेर काढलं. सरकारच्या ते लक्षात आलं. 1 फेब्रुवारी 1973 ला जे जे परवान्यावर राहत होते, ते सगळे दुरुस्तीच्या एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले! काल पाहुणा म्हणून ठेवलेला आज कायमचा. पुन्हा कुलपं.

ती उघडली 1999 च्या कायद्यातल्या कलम 24 ने. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर दुप्पट शुल्क भरायचं, आणि मालकाने जागा परत मिळवायला नेहमीच्या दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पगारातून दुसरा फ्लॅट घेणारे जोशी-शिंदे तो भाड्याने द्यायला धजावतात, ते या एका कलमाच्या भरवशावर. आणि या संरक्षणाची किंमत? महिना वीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे पावणेसहाशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंट लॅपटॉप घेऊन घरी येतो, छोट्याशा यंत्रावर अंगठा ठेवायला सांगतो, आणि आजोबांचा अंगठा उमटेना की सगळं घर "बोट पुसा, जरा दाबा" करत भोवती गोळा होतं.

कायदा झाला, आता पैसा. पंचाहत्तर लाखांचा फ्लॅट, पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता येतो 43,391 रुपये. पहिल्या हप्त्यातले 35,417 निव्वळ व्याजात जातात. मुद्दल फिटते आठ हजारांहूनही कमी. भाडं वीस हजार, म्हणजे व्याजसुद्धा भागत नाही. दहा वर्षांनी, अर्धी मुदत सरल्यावर, किती देणं उरलं असेल? पंचवीस लाख? नाही, पस्तीस! हप्त्यात मुद्दल व्याजाला गाठते ती थेट बाराव्या वर्षी. भाडं आणि हप्ता यांतली तूट पगार भरून काढतो. म्हणून "भाड्यातून हप्ता सुटतो" असं सांगणाऱ्या बिल्डरपुढे आधी कॅल्क्युलेटर ठेवावा.

आयकर खातं मात्र इथे चक्क दिलदार होतं. मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून सरसकट तीस टक्के सूट, देखभालीसाठी म्हणून. पावती कुणी मागत नाही. वर्षभरात एक नळही बदलला नसला तरी तीस टक्के, अख्खं बाथरूम नव्याने केलं तरी तीसच! सोसायटीचा हातही बांधलेला आहे. मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं ना-वहिवाट शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नेता येत नाही. राज्य सरकारने 2001 मध्येच तसं बजावलं आहे. सोसायटीच्या बैठकीत हे सांगून बघा, सेक्रेटरी लगेच पाण्याच्या विषयावर येतील.

आणि सगळ्यात महाग काय पडतं? रिकामा महिना. वीस हजारांचं भाडं एकदम दहा टक्क्यांनी वाढवलं तर वर्षाला चोवीस हजार जास्त मिळतात. त्यापायी जुनं कुटुंब निघून गेलं, घर महिनाभर बंद राहिलं, की वीस हजार तिथेच गेले. वर एजंटची दलाली आणि रंगाचा हात. मुरलेले मालक म्हणून करार संपायच्या दोन महिने आधीच फोन करतात आणि हजारभराच्या वाढीवर राजी होतात.