विहिरीला लागलेली फुले

माझ्या मामींच्या देवघरात अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक यांच्या ओळीत एक दगड बसलेला आहे. त्याला दगड म्हणवत नाही, पण दुसरे काय म्हणावे? तळहातावर मावेल एवढा. तळाला काळपट कातळाचा तुकडा, त्यावर तांबूस-पांढऱ्या, मोत्यासारख्या झळकणाऱ्या इवल्या पेंढ्या, आणि त्या पेंढ्यांच्या बेचक्यात पाण्यासारखे नितळ, किंचित हिरवट असे दोन चौकोनी मनोरे. मामी त्याला गंध लावत नाहीत, फूल मात्र रोज वाहतात. नवख्या माणसाने विचारले की सांगतात, "आमच्या विहिरीत निंगाला हाय तो."

ही विहीर आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातली. १९९३ साली मामांनी ती खणायला घेतली, तेव्हा मी आठवीत होतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी आलो होतो. आमच्याकडे विहीर खणणे म्हणजे जुगार. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पांढरे ठिपके असलेला मऊसर मांजऱ्या, आणि मग पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. मामांनी सोसायटीचे कर्ज काढले होते. यारी बसली, सुरुंग उडू लागले, आणि रोज संध्याकाळी सारे घर एकच प्रश्न विचारी : "ओल लागली का?"

ओल काही लागली नाही. साडेसहा परसांवर एका सकाळी सुरुंगाचा धूर निवल्यावर खाली उतरलेल्या गड्याने हाक दिली. कातळात डेऱ्याएवढी पोकळी उघडी पडली होती. त्याने आत हात घातला तो रक्ताळलेलाच बाहेर काढला. आतून ती पोकळी सगळीकडून काट्यांनी भरली होती, आणि ते काटे चमकत होते! घमेल्यामागून घमेले वर येऊ लागले. आम्ही पोरे नाचत होतो. मामा मात्र काठावर डोक्याला हात लावून बसले. "पाण्यासाठी खंदली, अन् हे गोटे निंगाले," एवढेच ते बोलले.

आठ दिवसांनी एक व्यापारी जीप घेऊन आला. त्याने दोन पोती भरून दगड घेतले आणि बाराशे रुपये मोजले. मामांना तो देवच भेटल्यासारखे वाटले, कारण सुरुंगवाल्याची बाकी त्यातून फिटली. व्यापाऱ्याने प्रत्येक नग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, खाली-वर कडबा घातला. किती हळुवारपणे तो हे करीत होता ते मला अजून आठवते. त्याने गावाचे नाव मात्र विचारले नाही. एक नग मामींनी पदराआड लपवून ठेवला होता. तोच हा देवघरातला.

पुढे मी मराठीचा अध्यापक झालो. दगडांशी माझा संबंध शिलालेखांपुरताच यायचा. पण आमच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणारे एक स्नेही एकदा माझ्याबरोबर आजोळी आले आणि देवघरासमोर बसकण मारून राहिले. मामींना वाटले, पाहुणा मोठा भाविक दिसतो! त्यांनी सांगितले ते असे : पेंढ्यांसारखे दिसते ते स्टिल्बाइट, आणि हिरवट मनोरे अपोफिलाइटचे.

वाचकहो, आपण ज्या भूमीवर दिवाळीचे दिवे लावतो ती सगळी आगीतून आलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि आज त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले. जिलबीच्या पिठाला फसफसून जाळी पडते ना, तशी खडकाला जाळी पडली. पुढे कढत पाणी त्या पोकळ्यांतून झिरपले. खडकातले चुना, सोडा, सिलिका हे पदार्थ त्यात विरघळले होते. पाणी निवत गेले तसे ते पोकळीच्या भिंतीला धरून, कणाला कण जोडत, स्फटिक होऊन बसले. मामांच्या विहिरीत आम्ही ज्या पाण्याची वाट पाहत होतो ते पाणी येऊन गेले होते तर! फक्त आम्हांला कोट्यवधी वर्षांचा उशीर झाला होता.

या कुळातल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिले. असा खडा फुंकणीच्या ज्योतीत धरला की आतले पाणी वाफ होऊन निघते आणि खडा खदखदल्यासारखा दिसतो, म्हणून ग्रीक भाषेतून 'उकळता दगड'. अपोफिलाइट काटेकोरपणे या कुळात बसत नाही, पण नांदतो त्यांच्याच शेजारी. तापवले की त्याचे पापुद्रे सुटतात, त्यावरून त्याचे नाव पडले. स्कोलेसाइटचे नाव किड्यावरून. कारण तापताना तो किड्यासारखा वळवळतो. ओकेनाइट तर कापसाचा बोळाच. बोट लावले की तंतू मोडलेच समजा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला गर्द निळा कॅव्हन्साइट साऱ्या जगात नावाजलेला आहे. त्याचे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे जुळवून केलेले. आपल्याकडे आईबापांच्या नावांतून मुलाचे नाव जुळवतात, त्यातलाच प्रकार.

साहेबाला या फुलांचा पत्ता आधीच लागला होता. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून आगगाडीचा मार्ग फोडला गेला, तेव्हा निघालेले उत्तमोत्तम नमुने विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आज अमेरिकेतल्या टूसॉन शहरी दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दगडांची जत्रा भरते. तिथे आपल्या खानदेशचे, नाशिकचे, पुण्याचे दगड मांडलेले असतात. आपल्याकडेही सिन्नरला 'गारगोटी' नावाचे संग्रहालय आहे. नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी ते उभे केले. तिथे गेलात तर डोळ्यांचे पारणे फिटेल. मी मात्र दर कपाटापुढे थबकून पाटीवरची गावे वाचीत होतो.

त्याचे कारण सांगतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, नामिबियात, त्सुमेब नावाची तांब्या-शिशाची खाण होती. १९९६ साली ती बंद झाली. तिथले निळे अझुराइट आणि पाचूलाही मागे सारील असे डायोप्टेज मिळवण्यासाठी संग्राहक जीव टाकतात. तिकडच्याच कलहारीतल्या मँगनीजच्या खाणींतून रक्तासारखे लाल ऱ्होडोक्रोसाइट निघाले. त्सुमेबचा नग विकताना तो खाणीच्या कितव्या पातळीवर सापडला हेही शक्य असेल तिथे चिठ्ठीवर लिहितात. माझे स्नेही म्हणतात, चिठ्ठी हरवली की नग पोरका होतो. सौंदर्य तेच राहते, पण त्याने सांगायची गोष्ट पुसली जाते. आणि आपल्याकडून गेलेल्या जुन्या नगांवर काय लिहिलेले असते? कित्येकांवर नुसते 'पूना, भारत'. घाटातला असो की गंगथडीचा, सगळ्यांचे गोत्र एकच. मामांची दोन पोतीही कुठल्या तरी देशातल्या दिवाणखान्यात, काचेआड, दिव्याच्या उजेडात असतील. आणि खाली गावाचे नाव भलतेच असेल.

व्यापाऱ्याला मी बोल लावीत नाही. तो आला नसता तर ते दगड बांधावर फेकले गेले असते, किंवा खडीच्या यंत्रात जाऊन त्यांचा रस्ता झाला असता. आमच्या भागात दर खाणीतून अशी किती फुले रोज भरडली जात असतील! म्हणून जमवणाऱ्याला मी लोभी म्हणत नाही. पण जमवायचे तर रीतीने जमवावे. शेत ज्याचे त्याला विचारून घ्यावे. नगाला घासू नये, आम्लात बुडवू नये. मऊ कुंचला आणि साधे पाणी पुरते, आणि ओकेनाइटला तर पाणीही नको. आणि त्याच दिवशी, त्याच जागी, गाव लिहून ठेवावे.

काही ठिकाणी तर हात मागेच घ्यावा. आमच्याच जिल्ह्यातल्या लोणारचे विवर घ्या. आकाशातून आलेल्या पाषाणाने आपल्या या काळ्या कातळात पाडलेला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि तो आघाताचाच आहे याचा भक्कम पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या खडकात मास्केलिनाइट सापडते. खडकातले स्फटिक आघाताच्या दाबाखाली न वितळताच काच होऊन बसले, ते हे. हेच द्रव्य प्रथम ओळखले गेले ते १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत. आणि ती उल्का मंगळावरून आली असे आता शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे लोणारच्या मातीतला खडा मंगळाच्या खड्याशी सोयरीक सांगतो! पण लोणार हे अभयारण्य आहे. तिथून खडाही उचलू नये. तो जिथे पडला आहे तीच त्याची चिठ्ठी.

मामांच्या विहिरीला पुरते पाणी कधीच लागले नाही. कर्ज फेडता फेडता त्यांची दहा वर्षे गेली. मामाही आता नाहीत. गेल्या दिवाळीत आजोळी गेलो तेव्हा जाड कागदाची एक चिठ्ठी मी मुद्दाम घेऊन गेलो. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले : अपोफिलाइट व स्टिल्बाइट. मग गावाचे नाव, तालुका, जिल्हा, शेताचा गट नंबर, खोली साडेसहा परस, साल १९९३. मास्तराला आपल्या अक्षराचा अभिमान असतोच. मामींना मी ती वाचून दाखवली.

त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अन् तुह्या मामाचं नाव कुठं हाय याच्यात?"

मी खजील झालो. गावाचे नाव पुसले म्हणून इतकी वर्षे हळहळलो, आणि माणसाचे नाव मीच गाळले होते! मुकाट्याने मामांचे नाव लिहिले.

"आता त्या गड्याचं लिही," मामी म्हणाल्या. "पह्यला हात त्यानंच घातला होता. महिनाभर त्याच्यानं पहार धरवली नाई."

त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. मामींना ते तीस वर्षांनंतरही पाठ होते, बापाच्या नावासकट. त्यांनी सांगितले तसे मी लिहून घेतले. मामींनी चिठ्ठीची घडी केली, दगडाखाली सारली आणि वर झेंडूचे एक फूल ठेवले.