हसू आणि आसू : उज्जयिनीच्या एका नाटकाचा धडा

एकाच कथेत हास्य आणि करुण हे दोन्ही रस आणावेत की नाही, हा वाद फार जुना आहे. प्राचीन ग्रीकांनी शोकात्मिका व सुखात्मिका या नाटकाच्या दोन स्वतंत्र जाती मानल्या. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात शृंगारातून हास्य आणि रौद्रातून करुण उपजतो, असे सांगितले. एक रस दुसऱ्याच्या पोटी जन्मतो, हा विचार आपल्या परंपरेला असा पहिल्यापासून परिचित आहे. त्याचा सुंदर प्रत्यय शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त येतो. दहा अंकांचे हे नाटक घडते क्षिप्रेकाठच्या उज्जयिनीत. पण राजवाड्यात नव्हे, तर तिथल्या गल्ल्यांत, जुगाराच्या अड्ड्यात आणि न्यायसभेत.

दानधर्मात निर्धन झालेला चारुदत्त आणि त्याच्यावर अनुरक्त झालेली गणिका वसंतसेना यांची ही कथा. तिच्या मागे लागलेला शकार हा राजाचा मेहुणा. विद्वत्ता मिरवताना तो रामायण आणि महाभारत यांची खिचडी करतो, आणि प्रेक्षागृह हसते. परंतु हाच मूर्ख आठव्या अंकात वसंतसेनेचा गळा आवळतो. सत्तेच्या आश्रयाला असलेला मूर्खपणा किती भयंकर असतो, हे तेव्हा कळते. आधी हसून घेतल्यामुळे तो धक्का दुप्पट बसतो.

दागिन्यांचेही तसेच. वसंतसेनेने ठेव म्हणून दिलेले अलंकार चोरायला शर्विलक येतो. भिंतीला कोणत्या आकाराचे भोक पाडावे, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो आणि मोजमापाला जानवे वापरतो. विदूषक मैत्रेय तर झोपेतच दागिन्यांचे गाठोडे त्याच्या हाती देतो! पुढे चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाड्यावर रुसून सोन्याचा गाडा मागतो, तेव्हा वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या गाड्यात भरते. ते परत करायला निघालेला मैत्रेय न्यायसभेत येतो, संतापून शकाराशी झोंबतो, आणि त्याच्या काखेतून दागिने सर्वांसमक्ष खाली पडतात. झोंबाझोंबी हास्याची; पण चारुदत्ताविरुद्ध खुनाचा पुरावा तोच ठरतो. मायेने दिलेली वस्तू भोळ्या मित्राच्या हातून चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेते.

दहाव्या अंकात हे चक्र उलटे फिरते. वध करण्याची पाळी कोणाची, यावर दोघे मारेकरी वाद घालतात. बापाने मरताना सांगितले होते की वधाची घाई करू नये, कोणी धन देऊन सोडवील, कदाचित राजाच बदलेल, असे त्यांतला एक सांगतो. हे ऐकून हसू येते. पण चारुदत्ताजवळ तेवढेच क्षण उरलेले असतात. त्या विलंबातच, भिक्षूने वाचवलेली वसंतसेना धावत येऊन पोहोचते. राजाही खरोखरच बदललेला असतो. विनोदाने ओढवलेले मरण विनोदानेच लांबते.

या नाटकात हास्य आणि शोक आळीपाळीने येत नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावयाचे. रडून थकलेल्या प्रेक्षकाला विसावा म्हणून विदूषक आणणे ही सोपी युक्ती होय. तो काढून टाकला तरी कथा चालतेच. ‘मृच्छकटिका’तून मैत्रेयाचा वेंधळेपणा काढला, तर चारुदत्तावरचा आरोप सिद्ध व्हायला आधारच उरत नाही. हास्य हे येथे कथेच्या सांध्यातच बसविले आहे.

मराठीत हे नाटक संगीत रूपात आणणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांना हे मर्म चांगले उमगले होते. त्यांच्या १८९९ च्या ‘शारदे’त बोहल्यावर चढू पाहणारा म्हातारा भुजंगनाथ हास्यास्पद आहे, परंतु त्याच्या प्रत्येक हास्यास्पद हौसेची किंमत एका मुलीच्या आयुष्याने मोजली जायची असते. प्रेक्षक हसतो आणि हसता हसताच अस्वस्थ होतो.

कथा लिहू पाहणाऱ्याने म्हणूनच विनोद किती आणि शोक किती, असे प्रमाण मोजीत बसू नये. ज्या स्वभावामुळे माणूस हसण्याजोगा होतो, त्याच स्वभावाने तो संकटात कसा सापडतो, एवढे शोधावे. ते सापडले की दोन्ही रस आपोआप एका ठिकाणी नांदतात.